इंद्रजितला ऐकवायचंच

३ मार्च, सोमवार
आजपासून इंद्रजितशी संबंध तोडला. कारणाची नोंद असावी म्हणून लिहितो. काल कळंबला लग्नातला कार्यक्रम आटोपून पंगतीला बसलो, तर हा आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक भर पंगतीत म्हणाला, आप्पा, राग मानू नका, पण सारी लगीनसराई साउंडच्या बोर्डावर तुमच्या गिटारीचं बटण मी खालीच ठेवलं होतं. कुणाला कळलं का? तुम्हाला तरी कळलं का? सगळे हसले. बुंदी वाढणाराही हसला.
मला कळलं होतं. मोठेपणा म्हणून बोललो नाही.
संकल्प: इंद्रजित पाया पडेस्तोवर दाढी करणार नाही.

५ मार्च, बुधवार
सुडाचं साधन मिळालं. लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं. साध्या गिटारीला त्यात भल्याथोरल्या अँप्लिफायरचा आवाज येतो. पडद्यावर अँप्लिफायरचं चित्र, त्याच्यापुढं माईकचं चित्र, तो माऊसनं सरकवायचा. गिटार वायरनं एका डबीला जोडायची, डबी लॅपटॉपला. बस. माहितीचं पुस्तक उघडलं नाही. मोटारीचं वायंडिंगही मी कुणाला विचारून शिकलो नाही. आज तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवर माझ्या हातच्या मोटारी चालतात.
योजना: एकच चीज रेकॉर्ड करायची, फक्त गिटार. ईट गावच्या जत्रेत आमचा कार्यक्रम आहे, त्याआधी ऑर्केस्ट्रा पार्टीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. ऐकून इंद्रजितला घाम फुटला पाहिजे.
बायको, शिवकन्या, म्हणाली, अहो, माझा मिक्सर जळून महिना झाला, आधी त्याचं बघा. मी म्हणालो, सुडात मिक्सर बसत नाही.

९ मार्च, रविवार
चित्रातला माईक चित्रातल्या स्पीकरपासून बोटभर मागं घेतला. जमीन-अस्मानाचा फरक. मग अर्धं बोट पुढं. आता बरोबर.
गिटार मात्र जरा बारीक येते. डासासारखी. गेन, म्हणजे आवाज ओढून घ्यायचं बटण, फुल्ल केला. त्यानं सॉफ्टवेअर इतकं तल्लख झालंय की हेडफोनात स्वयंपाकघरातली फोडणीसुद्धा ऐकू येते. रस्त्यावरची फटफटीही. असला दर्जा इंद्रजितनं जन्मात ऐकला नसेल.
घरात शांततेचा नियम केला. शिवकन्यानं पाट्यावर चटणी वाटायला घेतली. म्हणे, मिक्सर द्या, शांत बसते. मिक्सर शांत असतो असं हिला सांगितलं कुणी?

१४ मार्च, धुळवड
दाढीत रंग बसला. निघत नाही. गुलाबी. हेही इंद्रजितच्या खात्यावर.

१८ मार्च, मंगळवार
शिवकन्या म्हणाली, झाडताना तुमची वायर निघाली होती, मी खुर्चीवर टाकली. दोन दिवस तुम्ही तशीच वाजवताय. मी विचारलं, वायर नसती तर आवाज आला असता का? यावर ती लॅपटॉपच्या कडेचं बारीक भोक दाखवून म्हणाली, ह्यो त्याचा कान तर न्हाय? ह्येच ऐकत असंल सगळं.
हिच्या माहेरची, सास्तूरची माणसं मुळात शंकेखोर. सोडून दिलं. वायर मात्र लावली. आवाजात काडीचा फरक पडला नाही. सिद्ध झालं.

२३ मार्च, रविवार
रेकॉर्डिंग झालं! एका दमात. शिवकन्या पलीकडं तूर निवडत बसली होती आणि मुद्दाम गात होती. गाणं तिचंच, जोडलेलं:
‘गावाच्या मोटारी बांधी माझा राजा,
घरचा मिक्सर मुका गं बाई, घरचा मिक्सर मुका.’
मी ढळलो नाही.
ऐकायला बसलो तर पुन्हा तेच गाणं. ओरडलो, आता तरी गप बस! पुन्हा लावलं, पुन्हा तेच. उठून बघतो तर ती केव्हाच शेजारी कमलबाईकडं गेलेली. म्हणजे ते गाणं माझ्या कानातच बसलंय. कलावंताला असे भास होतात. उपाय म्हणून गिटारीचा घुमारा वाढवला.

३० मार्च, पाडवा
मुहूर्तावर ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, ‘ज्यांनी आमचं बटण खाली ठेवलं, त्यांनी आता कान वर करावेत.’
आधी धनाजी ढोलकीवाल्यानं हसून रडणारे चेहरे टाकले, ओळभर. इंद्रजितला हसतोय, उघड आहे. मग पार्टीतल्या बलभीमनं लिहिलं, ‘लई भारी आप्पा. घरात बायकांनी तिसऱ्यांदा लावाय सांगितलं.’
चीज झालं.

२ एप्रिल, बुधवार
इंद्रजित घरी आला! पेढे घेऊन. मी खुर्चीत ताठ बसलो, पाय पुढं केले. तो पायांना वळसा घालून गेला आणि शिवकन्याच्या पाया पडला. म्हणाला, काकू, ईटच्या जत्रेत एवढं मिक्सरचं गाणं म्हणाच. मागं डासावानी कायतरी वाजतंय, तेवढं काढून टाकू.
शिवकन्या म्हणाली, व्हय, म्हणीन की. पण आधी मिक्सर.
इंद्रजितनं मिक्सर पिशवीत घातला आणि दुसऱ्याकडून वायंडिंग करून आणतो म्हणाला. दुसऱ्याकडून! माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या घरातून.
जाताना मला म्हणाला, आप्पा, तुमीबी या. गिटार घेऊन काकूंच्या मागं उभं राहा, जोडी बरी दिसती. दाढी तेवढी काढा, लोक देव सोडून तुमच्याकडं बघतील.
म्हणजे माझ्याशिवाय त्याचं भागत नाही. शिवाय तो पाया पडला, आणि घर माझंच. संकल्प पूर्ण. दाढी केली.

१३ एप्रिल, रविवार
काल ईटला कार्यक्रम झाला. ‘मिक्सर मुका’ आलं की बाया एकमेकींवर पडून हसायच्या. पुन्हा, पुन्हा म्हणत होत्या. एक म्हातारी ओरडली, अगं, त्यो राजा कुठाय, दावा की! लाईट माझ्यावर आली. मी डोळे मिटून जीव ओतून वाजवलं. इंद्रजितनं लांबून अंगठा दाखवला. या वेळी बटण वर होतं, मी आधी जाऊन स्वतः तपासलं होतं.
आज सकाळी खुर्चीवर बसायला गेलो तर बुडाखाली गिटारीची वायर. ईटला नेलीच नव्हती.
शिवकन्याला सांगितलं नाही. ती दुरुस्त होऊन आलेल्या मिक्सरवर चटणी करत होती.
मिक्सर खरंच शांत चालतो.