न दिलेलं शेवाळ

४ मार्च
मास्तरांच्या बायकोची गळ्याची गाठ उतरली! आठ महिने समुद्रातल्या शेवाळाचा काढा घेतला. आज आमच्या झाडपाल्याच्या दुकानात येऊन मान वर करून दाखवली — ठुशी पुन्हा गळ्यात बसते म्हणे आता. दोन गिऱ्हाइकं बघत होती. मी उगाच बरण्या पुसत राहिले.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "हुरळली मेंढी..." असू दे. हुरळले.

९ मार्च
नवं शेवाळ धुऊन गच्चीवर वाळत घातलं. खडे, शिंपले वेचता वेचता पाठीचं धनुष्य झालं. शेजारीण म्हणाली, "केवढा वास!" म्हटलं, ह्याच वासाने तुमच्या लेकीचा गळा बरा झाला. नाकावरचा पदर काढला.
टोक चावून माल जुना की ताजा ते मला कळतं. सासूबाईंना कळायचं, आणि आता मला. त्यांनी हे लेकीला नाही शिकवलं. सुनेला शिकवलं.

१५ मार्च
वन्सं आल्या. सासूबाई गेल्याला चार वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदाच. गळा सुजलाय. "आईचा काढा दे." पण हातातला कप बशीवर वाजत होता. पंख्याखाली घाम. मनगट धरलं तर नाडी नुसती पळत होती. गेल्या साली आरोग्य केंद्रातल्या वर्गाला बसले होते, तिथे बजावून सांगितलं होतं — अशा माणसाला शेवाळ नाही म्हणजे नाही.
म्हटलं, "वन्सं, आधी रक्त तपासा."
"माझ्या आईचं औषध, आणि मलाच नाही?"
हे म्हणाले, "दे ना थोडं. तिचं मन राहील."
मन राहील हो, जिवाचं काय? बरणी कपाटात ठेवून किल्ली लावली.

१६ मार्च
वन्संनी अबोला धरलाय. जेवायला मात्र दोनदा वाढून घेतलं.

१७ मार्च
ह्यांनीच शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला दिलं.

२० मार्च
रिपोर्ट आला. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करतेय. डॉक्टर म्हणाले, "ह्यात शेवाळ घेतलं असतं तर आगीत तेल. कुणी अडवलं ह्यांना?" वन्संनी माझ्याकडे बोट केलं. एरवी मला 'पालेवाली' म्हणणारे हे डॉक्टर — त्यांनी खुर्ची पुढे केली.
मी म्हटलं, "औषध द्यायला कुणीही शिकतं. न द्यायला शिकावं लागतं."
कुठून सुचलं कोण जाणे. घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत होते. ह्यांना दोनदा ऐकवलं.

२३ मार्च
गोळ्या सुरू झाल्यात. वन्सं आज आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसल्या. आवाजात राग नव्हता.
"वहिनी, आईला पण शेवटी असंच झालं होतं ना ग? भरपूर खायची आणि वाळत चालली होती. छाती धडधडते म्हणायची. आपण म्हटलं, म्हातारपण."
मी हो म्हटलं.
सासूबाईंना दिवसातून दोनदा काढा मीच देत होते. त्या खंगत गेल्या तशी मात्राही मीच वाढवली.