लाख धुवायची रीत

पण काऊन दाखवलं तुम्ही त्याले, बाबूजी? आई तेव्हाच म्हणत होती, पाहुण्याला चहा पाजा न वाटेला लावा. तुम्ही कोणाचं ऐकता? दरेकस्याच्या आपल्या अंगणात त्या परदेशी साहेबाला बाजेवर बसवलं, संगं आलेला गोंदियाचा व्यापारी त्याला हिंदी-इंग्रजीत समजावून राहिला होता, आणि तुम्ही धोतर खोचून लाख धुवायच्या नांदीत उतरलात. झाडावरून खरडलेली लाख सगळेच पाण्यात पायानं घासून धुतात. तुमची तेवढी मधासारखी पिवळी निघायची, कारण पाण्यात तुम्ही जंगलातली एक साल टाकायचे. साहेब फोनवर सगळं उतरवून घेतो आहे, आई चुलीपाशी भांडी आदळते आहे, आणि तुम्ही सालीचं टोपलंच त्याच्यापुढं सरकवता. तो गेल्यावर मी भांडलो तर तुम्ही म्हणालात, "लपवाचं काऊन बे? झाड का माह्या बापानं लावलं?"

आता मी समुद्रापलीकडं त्याच साहेबाच्या कारखान्यात लाख धुवून राहिलो. औषधाच्या गोळ्यांवर चमक चढवायला ती जाते. पहिल्याच दिवशी पिंपाचं झाकण उघडलं तर आपल्याच सालीचा, तुमच्या अंगाचा वास आला. हात सवयीचे दिसले म्हणून माझ्यासारख्या सातवी नापासाला ठेवून घेतलं, न मग कागद पुढं केला. ऑफिसातल्या मल्याळी बाबूनं हिंदीत समजावलं. ही रीत म्हणजे कंपनीचं गुपित. नोकरी सोडली तरी कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर इथं केस होईल, न घरी पळालास तर तिथल्या कोर्टातही मागं येतील. मी म्हटलं, ही तर माझ्या बापाची रीत आहे. बाबू वाईट माणूस नाही, हसला नाही. एवढंच विचारलं, "तेरे बाप ने किसी से छुपाई थी क्या?" ज्यानं जपून ठेवलं त्याचंच गुपित, असा कायदा आहे म्हणे. तुम्ही तर टोपलं सरकवलं होतं. मी सही केली.

तुम्ही गेल्यापासून नांद पालथी पडली होती. यंदा धाकट्यानं ती सरळ केली. गावात आता लाख धुणारं कोणी उरलं नाही, आणि आईला ती साल ओळखता येत नाही. जंगलातून ती तुम्ही न मीच आणायचो. धाकट्याची लाख काळपट निघून राहिली, व्यापारी तोंड वाकडं करतो. परवा धाकटा फोनवर म्हणाला, "भाऊ, बाबूजी कोणती साल टाकत होते? सांग ना." माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे, फोन कंपनीच्या खोलीतला, कोण ऐकत असेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "आठवत नाही बे."

 तो म्हणाला, बरं.

ही चिठ्ठी कुठं पाठवायची नाही, तरी सालीचं नाव यातही लिहायला हात धजला नाही, बाबूजी. धाकट्याला बारा हजार पाठवून राहिलो.