पावाच्या रांगेत तुला पुण्याला धाडलं

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार तू असताना कधी घातला नाही, आता कुठे घालू? तेव्हा थेट मुद्द्यावर येते. आज सकाळी मी तुझ्याबद्दल एका माणसाशी खोटं बोलले आणि ते कसं निस्तरायचं, हे मला कळत नाहीये. हे जेवून आडवे झालेत. भांडी तशीच पडलीत. म्हटलं आधी तुलाच सांगावं, कारण यात निम्मी चूक तुझी आहे.

तू दिवाळीनंतर गेलीस आणि लखनौत आमच्या निशातगंजच्या घरी रविवारचा तो लांबलचक फ्रेंच पाव यायचा थांबला. मी त्याला किती नावं ठेवायचे! लाकूड म्हणायचे, लाटणं म्हणायचे. तू मात्र गोमती नगरहून स्कूटीवर यायचीस, पाव ओट्यावर ठेवायचीस आणि "सुमे, उसळ झाली का?" म्हणून विचारायचीस. मटकीची उसळ आणि फ्रेंच पाव! त्या फ्रेंचांनी बघितलं असतं तर दुकान बंद केलं असतं. काल जेवताना हे म्हणाले, "उद्या उसळ कर. पण पाव तोच हवा." यांचे गुडघे असे, मुलं दोन्ही लांब. मग मीच त्या बेकरीत गेले.

बाई गं, काय ती रांग! दुकान उघडायच्या आधीपासून माणसं फुटपाथवर, थेट शेजारच्या दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत. गाड्या कशाही लावलेल्या, ई-रिक्षावाले ओरडताहेत, कॉलेजच्या मुली पावाच्या आधी स्वतःचेच फोटो काढताहेत. आतून लोण्याचा वास येतो आणि बाहेर कुणी हलत नाही. थोड्या वेळानं गार्ड येऊन सांगतो की बदामाचं क्रोसाँ संपलं, की सगळे हळहळतात. आणि इथे तू उभी राहायचीस? बँकेत तुझ्यापुढे दोन माणसं असली तरी मला आतमध्ये फोन लावून "सुमे, काही होतंय का बघ" म्हणणारी तू? दर रविवारी?

मी फार दमले आहे, ताई. पाय दुखतात ते वेगळं. तू गेल्यापासून मी फक्त सांगत फिरते आहे. गॅसवाल्यांना सांगितलं, पेन्शनच्या ऑफिसात सांगितलं, तुझ्या सोसायटीत, धोब्याला, साताऱ्याच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. कधी झालं, कसं झालं, त्रास झाला का, जवळ कोण होतं. लोक घरी येतात, डोळे पुसतात, आणि मी त्यांना पाणी देते, चहा टाकते, "असू द्या हो, तिचं सोनं झालं" म्हणते. भेटायला येतात ते माझं सांत्वन करायला, पण सांत्वन मलाच त्यांचं करावं लागतं. तुझा फोनसुद्धा मी बंद करून कपाटात टाकला. वाजला की पुन्हा तेच सांगणं आलं. म्हणून त्या रांगेत मला जरा बरं वाटत होतं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, यह तो डॉक्टर साहिबा का थैला है!"

माझ्या खांद्याला तुझी ती पिशवी होती, आईच्या इरकलीची, खास त्या पावासाठी मी शिवून दिलेली. तंबोऱ्याची गवसणी म्हणून आपण हसलो होतो, आठवतं? दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गळ्याला मफलर, हातात काठी. उठायला त्रास होत होता तरी उठले.

"मैं सक्सेना. सिंचाई विभाग से रिटायर हूँ. आप छोटी बहन हैं ना, बैंक वाली? सुमन जी? साहिबा कहती थीं, हमारी बहन मुँह पर बोलती है, किसी को नहीं छोड़ती."

काय गं, हे सांगायचीस तू लोकांना?

मग त्यांनी विचारलं, "कैसी हैं? इतने इतवार हो गए, आईं नहीं. फ़ोन भी बंद आता है. मैंने तो सोचा, पुणे चली गई होंगी, भांजी के पास. कहती रहती थीं ना."

सगळा जन्म मी तोंडावर बोलण्यात घालवला. बँकेत मॅनेजरला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, लखनौच्या गोड बोलण्याला कधी भुलले नाही. आणि आता दोन शब्द बोलायचे होते. तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं. ते इतक्या आशेनं बघत होते, आणि उत्तर त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं. मी म्हटलं, "हाँ, पुणे में हैं."

"ठीक हैं?"

"ठीक हैं. यहाँ की सर्दी अब सही नहीं जाती थी."

ताई, तो माणूस असा खुलला! मागे वळून गार्डला म्हणाला, "सुना? पुणे में हैं! मैं कहता था ना!" पुढची चष्मेवाली मुलगीही हसली, "आंटी को हमारा नमस्ते कहिएगा." तुला तिथे सगळे ओळखतात!

आणि खरं सांगू? मला छान वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण छान वाटलं. रांग सरकेपर्यंत तू माझ्या लेकीकडे, केतकीकडे, पुण्यात होतीस, रिक्षावाल्यांशी भांडत होतीस, केतकीच्या आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरत होतीस. मी थापा वाढवतच गेले. संध्याकाळी टेकडीवर फिरायला जाते म्हणाले. वजनसुद्धा जरा वाढवलं मी तुझं.

मग ते बोलायला लागले. त्यांचे गुडघे गेलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. ते पायरीवर बसायचे आणि दोघांच्या वतीनं रांगेत तू उभी राहायचीस. पाव मिळाला की तिथेच त्याचं टोक मोडायचं, टपरीवरचा चहा घ्यायचा, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचीस तशी तू त्यांना रस्त्यावरच्या झाडांची नावं सांगायचीस. "एक भी याद नहीं रहता मुझे," ते म्हणाले, "हर बार नए सिरे से बताती हैं." त्यांच्या सासुरवाडीची मलिहाबादला बाग आहे. म्हणजे दरवर्षी दशहरी आंब्यांची पेटी यायची ती तिथून! तू आम्हाला सांगितलंस की कुणी विद्यार्थी देतो. आमचे हे अजून त्या नसलेल्या विद्यार्थ्याला आशीर्वाद देतात.

इतकी वर्षं, ताई! माझ्याकडे रविवारी पाव घेऊन यायचीस ती या पायरीवरून उठून यायचीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? मी चिडवलं असतं म्हणून? चिडवलंच असतं! पण मला किती आनंद झाला असता गं. तुला लखनौत आमच्याशिवाय कुणी नाही, या काळजीनं मी कितीदा झुरले. तुमचं काय होतं, काय नव्हतं, ते मी त्यांना विचारलं नाही आणि तुलाही विचारत नाही. पण राग आलाय मला तुझा.

आत जाऊन मी दोघांसाठी पाव आणला. त्यांनी टोक मोडून अर्धं मला दिलं. मी ते पिशवीत ठेवलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "साहिबा का नया नंबर दे दीजिए. ज़्यादा तंग नहीं करूँगा. बस पूछूँगा, वहाँ ऐसी ब्रेड मिलती है कि नहीं."

मी म्हटलं, नंबर पाठ नाही, पुढच्या रविवारी देते.

"अगले इतवार पक्का?"

"पक्का," म्हटलं आणि रिक्षात बसले. मागे वळून बघितलं नाही.

घरी येऊन उसळ वाढली आणि यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "तेराव्याला आपण धोब्यालासुद्धा बोलावलं. या माणसाला कुणी कळवलंच नाही." मग म्हणाले, "इतके दिवस तो वाट बघत होता ते न कळल्यामुळे. आता तुझ्यामुळे बघणार." पुढे यांनी पावाला हातही लावला नाही.

तुझं नाव घेऊन हजार माणसं माझ्या घरी रडून गेली, त्यातल्या निम्म्यांना तू आवडतसुद्धा नव्हतीस. आणि ज्याला खरं रडायचा हक्क होता, तो तुझा बंद फोन लावत बसला होता. फोन मी बंद केला, ताई. मला कंटाळा आला होता. आणि आज ते इतक्या आशेनं विचारत होते तर मी त्यांना टेकडीवरच्या गोष्टी सांगितल्या.

तर ऐक, हा शब्द देते तुला. पुढच्या रविवारी मी जाणार. नंबर नेणार नाही. पाव घ्यायच्याही आधी सांगणार, कारण एकदा का तो चहा आला की माझी जीभ पुन्हा घसरेल. त्यांच्या शेजारी त्या पायरीवर बसेन आणि सांगेन की आमची ताई दिवाळीनंतर गेली, तुम्हाला सांगायला हवं होतं, मी आधी खोटं बोलले. रांग पुढे गेली तर जाऊ दे. ते रागावले तर ऐकून घेईन. आणि ते रडले तर पाणी आणायला उठणार नाही, "असू द्या" म्हणणार नाही. तिथेच बसून त्यांच्याबरोबर मीही रडेन. तू गेल्यापासून एकदाही रडले नाहीये गं मी.

तुझीच,
सुमी