तराफ्यावर उभा असायचा तो

फ्यूमे, डिसेंबर १९१२

प्रिय स्तामाती,

उत्तराला इतका उशीर झाला म्हणून तू चिडला असशील. चिडलास की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो, तो मला इथून दिसतोय. लग्न ईस्टरनंतर लगेच करायचं का, असं विचारलंयस. त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे, पण ते एका ओळीत देता येत नाही. तेव्हा जरा धीराने वाच.

आई बरी आहे. बोरा वारा सुटल्यापासून तिचे गुडघे धरलेत, तोंड मात्र सुटलंय. ईस्टर म्हणजे तुमचा ऑर्थोडॉक्स की आमचा कॅथलिक, हे आधी त्याला विचार, असं तिने चारदा बजावलंय. बाबा कारखान्यात जातात, पाणतिराच्या, म्हणजे त्यांच्या लाडक्या ‘माशा’च्या, पोटातला दिशा धरून ठेवणारा भोवरा जुळवतात आणि घरी आले की कारखान्याचं नाव काढत नाहीत. पूर्वी कसे असायचे आठवतं ना? ताटात मक्याचा पोलेंटा पडला की चमच्याने त्यात सरळ रेघ ओढून सांगायचे, “हा भोवरा नव्हता ना, तेव्हा मासा पाण्यात सोडला की दारुड्यासारखा घरचा रस्ता विसरायचा. आता बघा!” माशाला ढकलणारी हवा तापवून सोडायची युक्ती आल्यावर मासा दुप्पट लांब पळायला लागला, तर जणू स्वतःच पळत गेल्यासारखे घामाघूम होऊन सांगत होते. आता जेवताना कोणी विषय काढला तर म्हणतात, मीठ द्या इकडे.

तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला आलात तेव्हा आईने काचेची भांडी उचलून वर ठेवली होती. तू ग्रीक आरमाराचा, शाकिर तुर्की आरमाराचा. दोघंही आपापल्या देशाचे पाणतीर तपासून घ्यायला आलेले. “एका छपराखाली हे दोघं? डोकी फोडतील!” ती म्हणाली. आणि पहिल्याच जेवणाला तू लहानपणी स्मर्नात शिकलेल्या त्या तुझ्या तुर्कीत काहीतरी बोललास आणि शाकिर इतका हसला की सूप त्याच्या नाकातून आलं. काय बोलला होतास ते दोघांनीही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, मेल्यांनो.

खाडीतल्या चाचणीची आमच्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. ज्याचा माल, त्याने साक्ष द्यायची नाही. म्हणून तुझा मासा सुटायचा तेव्हा पार टोकाच्या तराफ्यावर शाकिर उभा असायचा, आणि त्याचा सुटायचा तेव्हा तू. स्फोटकं न भरलेला तो मासा बरोबर तराफ्याखालून गेला की वरच्याने झेंडा उंच करून ओरडायचं, “आला!” तुझ्या माशाला शाकिर असा ओरडायचा की त्याचाच माल वाटावा. मग चढावरच्या आम्ही बायका ओरडायचो, आला आला! तू सगळ्यांना वाइन पाजायचास आणि शाकिर लिंबूपाणी पीत बसायचा. आमच्या घरात तर पोस्टमन आला तरी आला, पाव फुगून वर आला तरी आला. इतकं हसलेलो आपण त्या वर्षी. आठवलं की जीव तुटतो रे.

मग तुमचं तुर्कांशी युद्ध पेटलं, आणि ऑक्टोबरचं तुझं पत्र मीच मोठ्याने वाचलं. तुम्ही गुपचूप बंदरात शिरलात, ते जुनं तुर्की जहाज नांगर टाकून उभं होतं, तू मासा सोडलास, आणि पुढे लिहिलं होतंस, “बाबांना सांग, आला!” बाबांनी टेबलावर हात आपटला, आईने बाटली काढली आणि आम्ही तिघंही ओरडलो. मला तेव्हा एवढंच कळत होतं की तू जिवंत आहेस.

गेल्या आठवड्यात रफेत बे आले. शाकिरचे मामा, त्रिएस्तेत तंबाखूचे व्यापारी. शाकिरने आमच्याकडे ठेवलेली पेटी न्यायला आले होते. बाबा खुशीत म्हणाले, “काय म्हणतो आमचा शाकिर? चिठ्ठी नाही, चपाटी नाही, विसरला वाटतं!” रफेत बेंनी कॉफीचा कप खाली ठेवला. उन्हाळ्यातच त्याची एका जहाजावर बदली झाली होती, म्हणाले. मग त्यांनी जहाजाचं नाव सांगितलं. बंदराचंही. स्तामाती, तेच जहाज. शाकिर त्याच्यावर होता, आणि वर आला नाही. बाबा उठून चुलीकडे तोंड करून उभे राहिले. तो मासा कोणी सोडला हे आम्ही रफेत बेंना सांगितलं नाही. 

निघताना दारात त्यांनी तुझं नाव काढलं. “तो ग्रीक मुलगा कुठे आहे हो? शाकिर म्हणायचा, तिकडे माझा एक भाऊ आहे. माझी बहीण, शाकिरची आई, अजून रोज त्याच्यासाठी दुआ मागते. तो तरी वाचलाय का, तेवढं तिला कळवा. आणि शाकिर गेल्याचं त्याला जपून सांगा, पोराला धक्का बसेल.” म्हणून हे पत्र. जपून सांगायला मला जमलं नाही, माफ कर. मी तुला दोष देत नाही. या वेळी तराफ्यावर कोण आहे ते तुला दिसत नव्हतं. राग येतो, पण कोणावर ते कळत नाही. त्या बाईंचा पत्ता सोबत ठेवला आहे. मला त्यांची भाषा येत नाही, तुला येते. “मी सुखरूप आहे” एवढंच लिहायचं, की सगळं, ते तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. पण काय लिहिलंस ते मला कळव, आणि ते कळेपर्यंत तारीख धरू नकोस. ज्याच्याशी संसार करायचा तो त्या आईला काय लिहितो, हे मला लग्नाआधी कळायला हवं.

अजून तरी तुझीच,
एर्सिलिया