बाबूने नाकारलेले ‘औषध’

प्रिय वसंता,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना आरंभी ‘चिरंजीव’ लिहिण्याची माझी सवय. आज लेखणी तिथेच अडली. गेलेल्या माणसाला पत्र लिहू नये, हे मला कळते. पण जुन्या जालन्यातल्या तुझ्या परमिट रूममध्ये आज जे घडले, ते तुझ्यावाचून कोणाला ऐकवू?

सकाळी तिथे वेटरांचे प्रशिक्षण होते; मीही मागे बसून ऐकत होतो. दिवस गेलेल्या बाईसाठी कोणी मद्य मागितले, तर तिचा मान राखून नकार कसा द्यावा, हे एक डॉक्टरीणबाई शिकवत होत्या. तुझा जुना वेटर बाबू उठला.

“मॅडम, लोकं औषधाला म्हणून नेतेत. आपण काय डाक्टर हाव का?”

“न्हाई ना? मंग औषध म्हणून देता कशाला?” बाईंनी त्याच्याच बोलीत विचारले.

सगळे हसले. मला हसू आले नाही.

औषध! त्या शब्दाची केवढी विटंबना केलीस रे! तुझी सून रेखा पहिलटकरीण असताना गर्भसंस्कारासाठी तू मला बोलावलेस. बाहेरच्या खोलीत मी उपनिषदे वाचत होतो, आणि आत तू तिला रोज कोमट पाण्यातून ब्रँडी पाठवत होतास. “कंबर दुखत व्हती तिची. औषधच हाय ते, दादा,” हे मला सांगितलेस बाळ झाल्यावर. तेही फुशारकीने!

आज तुझ्या नातीला, ओवीला, काल गिरवलेले अक्षर आठवत नाही. गर्भात असतानाच मद्याने मेंदूला इजा झाली, असे डॉक्टर सांगतात. तिला मांडीवर घेऊन तू रडलास. पण चूक एकदा तरी कबूल केलीस का?

रेखाला पुन्हा दिवस गेले आहेत. प्रशिक्षण आटोपते न आटोपते, तोच तुझी बायको सुमन गल्ल्यापाशी आली.

“बाबू, रेखाची कंबर धरली. औषधाची दे जल्दी.”

बाबूने हात मागे घेतले. “काकू, दवाखान्यात न्या तिला. हितं औषध न्हाई भेटत.”

“मालक असते तर असा बोलला असतास का रे? उद्यापासून येऊ नको!”

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, वसंता. तू असतास, तर स्वतःच्या हाताने ओतून दिली असतीस.

रेखाला मीच रिक्षाने दवाखान्यात नेले.

आता माझा शब्द ऐक. बाबूला कामावरून काढायचे असेल, तर सुमनला आधी मला त्या दारातून काढावे लागेल. आणि या बाळाच्या वाट्याला तुझे औषध मी येऊ देणार नाही. तुझ्या श्राद्धाचे मंत्र यथासांग म्हणेन. क्षमेचे मात्र वचन देत नाही.

तुझाच,
दादा