रुचिताच्या संगणकात नवी मेमरी घालण्यापूर्वी

चि. रुचिता,

प्रस्तुत चिठ्ठीत तुझ्या जुन्या संगणकाच्या मेमरीसंबंधी एक महत्त्वाचे निवेदन करीत आहे. मी स्वतः ती बसवून देणार होतो, परंतु आज तू आईसोबत पालघरला कायमची राहावयास जात आहेस. तिथे मेमरीची जुनी पट्टी काढून दुकानात दाखवावी. तिच्यावर १.५ व्होल्ट छापले आहे. नवीही तेवढ्याच व्होल्टची घ्यावी, अन्यथा संगणक बिघडू शकतो.

"बाबा, तुमी दारात उभे राहिलात तर माझा पाय निघायचा नाय," असे तू काल म्हणालीस. म्हणून सुट्टी असूनही मी बोईसरला कामावर निघालो आहे.

संगणक सुरू झाल्यास फोन करावा. न झाल्यासही करावा.

तुझ्या आईनेही हे वाचले असल्यास दोघींचा आभारी आहे.

तुझा बाबा,
कमलेश जानू वरठा