चार बोटं आखूड दोरा

फादर, तुमच्याशी माझं भांडण राहून गेलंय की तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मीही साठीला टेकले, गुडघे कुरकुरतात म्हणून शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली. पण कापड बेतताना मध्येच ते सगळं डोक्यात येतं आणि कात्री थांबते. लेक विचारते, काय झालं? मी म्हणते, काही नाही, चष्म्यावर धूळ बसली. तिला सांगण्यासारखं ते नाही, कारण ते तिच्याबद्दलच आहे. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

प्लेगच्या पळापळीनंतर आम्ही अकोल्याकडच्या गावाहून सुरतेत, भेस्तानला परत आलो, ह्यांचं लूमवरचं काम पुन्हा सुरू झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चर्चच्या मागे पत्र्याच्या खोलीत तुम्ही चार जुनी मशिनं मांडली होती. अट एवढीच की मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तुमच्या परदेशातल्या मिशनसाठी शिवायचं, बाकीचे दिवस मशीन आमचं, ब्लाऊज शिवा नाहीतर परकर. तुम्ही मूळचे वसईचे, पण सुरतेत राहून प्रत्येकीला ‘बेन’ म्हणायचात. लुनावर बसून पर्वत पाटियाच्या साडीवाल्यांकडे जायचात आणि त्यांच्या मागे लागून कटपीसची गाठोडी आणायचात. त्यामुळे आफ्रिकेतल्या पोरींना जरीच्या बुट्ट्यांचे, चमचम करणारे पॉलिएस्टरचे फ्रॉक. शेजारच्या मशीनवरची खानदेशी बाई एकदा म्हणाली, “या पोरीस्नं लगीन शे का काय, फादर?” तुम्ही म्हणालात, “असू दे. रोज लग्न समजा.” आणि प्रत्येक फ्रॉकला खिसा हवाच, हा तुमचा हट्ट. खिसा राहिला की शिवण उसवायला लावायचात. आम्ही बौद्ध, वस्तीतले लोक मला बजावायचे की हा पाद्री तुला बाटवणार. तुम्ही तर मला कधी प्रार्थनेलाही बोलावलं नाहीत. मी गेले नसतेच, पण बोलावलं नाहीत याचं थोडं वाईट वाटायचं.

मापं टांझानियातून पोस्टानं यायची. तिथली सिस्टर आकडे लिहायची नाही, दोरे पाठवायची. एका मुलीचा एक दोरा, खांद्यापासून फ्रॉकच्या खालच्या काठापर्यंत जेवढी उंची तेवढा लांब, छातीच्या मापाला एक गाठ, टोकाला नावाची चिठ्ठी. इंच आणि सेंटिमीटरचा घोळ नको म्हणून तुम्हीच ही पद्धत काढली होती. एकेकीकडे बारा-पंधरा मुली, दर वर्षी त्याच, आणि प्रत्येकीचं नाव पट्टीवर लिहून कॉलरच्या आत शिवायचं. माझ्या वाट्याच्या मुलींत एक माझ्या लेकीच्याच वयाची होती, सहा वर्षांची. सिस्टरचं पत्र आलं की तुम्ही आम्हाला वाचून दाखवायचात. हिचे पुढचे दात आले, ही आता लहान भावाला कडेवर घेते, हिला गाणं येतं. वाचताना तुमचा चेहरा असा उजळायचा की मला राग यायचा. एकदा पत्र आलं तेव्हा माझी लेक आठ दिवस तापानं फणफणली होती आणि खोलीतल्या बायकांखेरीज कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मी तोंड उघडलंच. “फादर, आपल्या भेस्तानात का लेकरं नाहीत? तिकडच्याईलेच काऊन?” बायकांनी मशिनं थांबवली. तुम्ही पत्राची घडी घातलीत आणि म्हणालात, “तुमच्या लेकराला तुम्ही आहात, बेन. मला तरुणपणी तिकडे जायचं होतं. नाही पाठवलं वरिष्ठांनी. निदान कपडा तरी जाऊ दे.” याला उत्तर म्हणायचं का, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी मान खाली घालून मशीन चालू केलं.

मग मी तो फ्रॉक चोरला. आकाशी रंगाचा, पांढऱ्या बुट्ट्यांचा, त्याच मुलीच्या मापाचा आणि कॉलरमध्ये तिचं नाव शिवलेला. पार्सल बांधायच्या दिवशी पन्नास-साठ फ्रॉकांच्या ढिगातून तो मी पिशवीत सरकवला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. जयंतीच्या दिवशी लेकीला घातला. ती मुलगी उंच असावी, कारण लेकीच्या पायांवर तो पार पोटऱ्यांपर्यंत लोंबत होता. मिरवणूक चौकात आली तेव्हा तुम्ही लुना बंद करून कडेला उभे होता. मी बायकांमध्ये मागे होते, तुम्ही मला पाहिलं नाहीत. लेक धावत तुमच्यापुढे गेली. तुम्ही वाकून तिच्याशी काहीतरी बोललात, हसलात, तिच्या मानेपाशी हात नेलात. मी पुढच्या बाईच्या आड सरकले. घरी आल्यावर ती म्हणाली, “मम्मी, फादरनी विचारलं खिशात काय आहे. मी चिंचोके दाखवले. मग त्यांनी माझी कॉलर सारखी केली.” म्हणजे नाव वाचलंत. नक्कीच वाचलंत. त्या मंगळवारी मी जीव मुठीत धरून आले. तुम्ही म्हणालात, “बेन, त्या कोपऱ्यातल्या मशीनला तेल घालायला हवं.” बस, एवढंच.

पुढच्या वर्षी दोरे आले. बाकी सगळे दोरे नेहमीसारखे जाड, मातकट सुताचे. त्या मुलीचा दोरा मात्र पांढरा, बारीक, आपल्या रिळाचा वाटावा असा. चिठ्ठीवरचं अक्षर तुमचं. मी तो टेबलावर सरळ केला आणि जुन्या दोऱ्याशेजारी धरला, कारण जुने दोरे मी डब्यात ठेवायची. नवा चार बोटं आखूड होता. फादर, पोर वर्षभरात आखूड होत नाही. संध्याकाळी घरी नेऊन लेकीच्या खांद्याला लावला. बरोबर गुडघ्याखाली आला, छातीची गाठ बरोबर बसली, वर वाढीसाठी बोटभर ढील. तुम्ही हे मुद्दाम केलंत? माझ्या लेकीचं माप मिरवणुकीच्या गर्दीत नजरेनं घेऊन वर्षभर लक्षात ठेवलंत, वाढीचा अंदाज धरून? की ती पाहायची रीत होती, ही बाई पुन्हा चोरते का? की सिस्टरचा दोरा पोस्टात हरवला, तुम्ही अंदाजानं दुसरा कापलात आणि मी उगाच जीवाला घोर लावून घेतला? पुढच्या खेपेला तुम्ही त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कटपीस निवडत बसला होता. विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

मी आजवर शिवलेल्यांतला सगळ्यात चांगला फ्रॉक शिवला, गुलाबी. दुहेरी शिलाई, आत अस्तर, खिशाला किनार. आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत पार्सलच्या पोत्यात घातला. ताठ मानेनं. बघा म्हणावं, मी चोर नाही. तुम्ही तो पुन्हा बाहेर काढलात, हातावर पसरून पाहिलात, मग माझ्याकडे पाहिलंत. “चांगला झालाय,” म्हणालात. “नक्की इथंच घालू?” मी म्हटलं, “मग कुठं?” तुम्ही तो परत पोत्यात घातलात. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवायला घेतलंत आणि बराच वेळ शिवत राहिलात. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी हजार वेळा आठवून पाहिलं. कधी वाटतं खिन्न होता, कधी वाटतं समाधानी.

तो फ्रॉक तुम्ही माझ्या लेकीसाठी दिला असेल तर मी दिलेलं परत फेकलं. तुम्ही मला पारखत असाल तर मी खरी उतरले, पण त्या तिकडच्या मुलीला काय मिळालं? पहिल्या वर्षी काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षी चार बोटं आखूड फ्रॉक. कोणत्याही बाजूनं विचार केला तरी ती उघडीच राहते. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात काय आलं ते मला माहीत नाही, कारण मी शुक्रवारी यायचं बंद केलं, मग मंगळवारीही. पुढे तुमची बदली डांगाकडे झाली. तुम्ही तिथंच वारलात हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही भाजी घेताना, त्या खानदेशी बाईकडून. मी एक किलो वांगी घेऊन घरी आले आणि ती तशीच ठेवून दिली.

आता एक गोष्ट सांगते आणि कागद घडी घालून ठेवते, कारण हा पाठवायचा कुठे? मी स्वतःला कायम सांगत आले की गरिबीनं चोरी केली. खोटं आहे ते. सुरतेत लूमवाल्याच्या घरात कापडाला काय तोटा? मी लेकीला तसले चार फ्रॉक शिवू शकत होते. मला तो फ्रॉक नकोच होता. त्या मुलीचे दात आल्याचं तुम्ही जसं वाचायचात, तसं कुणीतरी माझ्या लेकीबद्दल बोलावं असं मला वाटायचं. कुणीतरी म्हणजे तुम्हीच, फादर. आणि मिरवणुकीच्या दिवशी तुम्ही तिच्यापुढे वाकलात तेव्हा, चोरी पकडली जाणार हे कळत असूनही, आधी मला आनंद झाला होता.